पोटातला व्रण आणि मनातली काळजी

परीक्षेच्या दिवशी सकाळी ज्याच्या पोटात दुखू लागते असा एखादा विद्यार्थी बहुतेक प्रत्येक वर्गात असतो. आई म्हणते, "काही नाही, मनाचे आहे." शिक्षक म्हणतात, "नाटक करतोय." डॉक्टर पोट दाबून पाहतात आणि म्हणतात, "पोटात काही दोष दिसत नाही." तिघांच्याही बोलण्यामागे एकच गृहीतक असते. दुखणे एक तर शरीराचे असते, नाहीतर मनाचे. शरीरात काही सापडले नाही की ते आपोआप मनाचे ठरते आणि मनाचे ठरले की ते निम्मेअधिक खोटे ठरते.

हे गृहीतक किती भरवशाचे आहे? ते तपासण्यासाठी वैद्यकाच्या इतिहासात एक फार चांगले उदाहरण आहे. ते म्हणजे जठरातला आणि लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातला व्रण, म्हणजेच अल्सर. विसाव्या शतकात या आजाराच्या कारणाबद्दलचे मत एकदा नव्हे, दोनदा बदलले. आधी तो मनाचा आजार ठरला, मग जीवाणूचा. आणि आज? आजचे उत्तर या दोन्ही उत्तरांपेक्षा थोडे अवघड, पण अधिक खरे आहे.

पोटाला पडलेली खिडकी

मनाचा आणि पोटाचा संबंध आहे, हे आजीबाईच्या बटव्यातले ज्ञान झाले. त्याचा डोळ्यांनी पाहिलेला पुरावा मिळाला तो एका अपघातामुळे. ६ जून १८२२ रोजी उत्तर अमेरिकेतील मॅकिनॅक बेटावर अलेक्सी सेंट मार्टिन नावाच्या एका तरुण मजुराला बंदुकीची गोळी अगदी जवळून लागली. लष्करी डॉक्टर विल्यम ब्यूमाँट यांनी त्याला वाचवले. पण जखम भरताना जठराला बाहेरून पडलेले छिद्र तसेच राहिले. त्या खिडकीतून ब्यूमाँट यांनी १८२५ पासून प्रयोग केले. रेशमी दोऱ्याला अन्नाचे तुकडे बांधून ते आत सोडायचे आणि ठरावीक वेळाने बाहेर काढून पाहायचे. १८३३ मध्ये त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी नोंदले की भीती, राग किंवा वैताग असेल तेव्हा जठराच्या अस्तराचा रंग बदलतो, ते कधी लाल व कोरडे होते तर कधी फिकट पडते. एका गरीब माणसाच्या शरीरावर वर्षानुवर्षे असे प्रयोग करणे आज कोणी मान्य करणार नाही. पण निरीक्षण पक्के होते.

पुढे वॉल्टर कॅनन यांनी नुकत्याच सापडलेल्या क्ष-किरणांचा उपयोग करून मांजरांच्या जठराची हालचाल पाहिली. मांजर बिथरले की जठराची लयबद्ध हालचाल थांबायची आणि शांत झाले की पुन्हा सुरू व्हायची. हे काम १८९८ मधले. मन आणि जठर यांच्यामध्ये मज्जातंतूंची वाट आहे, हे त्यातून स्पष्ट झाले. परंतु जठराची हालचाल थांबणे वेगळे आणि जठराला व्रण पडणे वेगळे. या दोहोंतील अंतर पुढच्या पन्नास वर्षांत फार घाईने ओलांडले गेले.

सात आजारांचा सिद्धान्त

१९३६ मध्ये हान्स सेल्ये यांनी 'नेचर' मध्ये एक छोटे टिपण प्रसिद्ध केले. उंदरांना थंडीत ठेवा, अतिश्रम करायला लावा किंवा विषारी द्रव्य टोचा. काहीही केले तरी त्यांच्या शरीरात ठरावीक बदल होत. त्यांतला एक म्हणजे जठरातील व्रण. यातूनच पुढे 'ताण' ही कल्पना जीवशास्त्रात रुजली.

त्याच सुमारास शिकागोमध्ये हंगेरीहून आलेले मनोविश्लेषक फ्रान्झ अलेक्झांडर काम करीत होते. सात आजार मनातील संघर्षातून उद्भवतात किंवा बळावतात, असे त्यांनी मांडले: अल्सर, दमा, उच्च रक्तदाब, संधिवात, मोठ्या आतड्याचा दाह, त्वचेचा एक विकार आणि थायरॉइड ग्रंथीचा अतिरेक. १९५० मधील 'सायकोसोमॅटिक मेडिसिन' या ग्रंथात त्यांचा विचार सविस्तर आला आहे. मराठीत आपण या विषयाला मनोकायिक वैद्यक म्हणतो. अल्सरबद्दल त्यांचे म्हणणे असे की, या रुग्णाला आतून लहान मुलासारखे कोणीतरी भरवावे, सांभाळावे असे वाटत असते. पण बाहेरून तो स्वावलंबी, कर्तबगार असल्याचे दाखवतो. दडपलेली भरवून घेण्याची इच्छा जठराला सतत 'अन्न येत आहे' असा निरोप देत राहते, आम्ल पाझरत राहते आणि व्रण पडतो.

कल्पना आकर्षक होती. तिच्यात एक खरा धागाही होता, कारण मेंदू जठराच्या आम्लस्रावावर परिणाम करतो. पण हा सिद्धान्त तपासणार कसा? अल्सर झालेला माणूस समोर बसलेला असताना त्याच्या बालपणात डोकावले, तर हवे ते सापडतेच. आधी स्वभाव पाहून मग कोणाला अल्सर होतो हे तपासणे अवघड होते आणि फारच थोड्यांनी ते केले. दरम्यान 'अल्सर म्हणजे काळजी करणाऱ्या साहेबांचा आजार' हे समाजमनात घट्ट बसले.

अधिकारी माकडे

या समजुतीला प्रयोगशाळेचा शिक्का मिळाला तो १९५८ मध्ये. अमेरिकेतील वॉल्टर रीड लष्करी संशोधन संस्थेत जोसेफ ब्रॅडी यांनी माकडांच्या जोड्या खुर्च्यांत जखडून बसवल्या. जोडीतील एका माकडाजवळ एक दांडा असे. वीस सेकंदांत तो एकदा तरी दाबला नाही, तर दोन्ही माकडांना विजेचा धक्का बसे. दुसऱ्याजवळ नुसता दिखाऊ दांडा. सहा तास ही पाळी, सहा तास विश्रांती. पहिल्या माकडाला नाव दिले 'अधिकारी'. धक्के दोघांना सारखेच, पण जबाबदारी एकावर. निष्कर्ष धक्कादायक होता. चार जोड्यांतील अधिकारी माकडांना अल्सर झाले आणि ती दगावली. त्यांचे जोडीदार बचावले. जबाबदारीच अल्सर करते, असे वाटायला आणखी काय हवे?

पण प्रयोगाच्या मांडणीत एक दोष होता आणि शिक्षकांना तो लगेच ओळखू येईल. कोणते माकड अधिकारी होणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेले नव्हते. पूर्वचाचणीत जी माकडे दांडा भराभर दाबत, त्यांनाच अधिकारी नेमले गेले. समजा, शिकवण्याची एक नवी पद्धत तपासताना आपण वर्गातली हुशार मुले एका गटात टाकली आणि बाकीची दुसऱ्यात. पहिला गट पुढे गेला, तर ते यश पद्धतीचे की मुलांचे? इथेही तेच झाले. मुळातच अधिक अस्वस्थ माकडे अधिकारी झाली असण्याची शक्यता होती.

काही वर्षांनी जे वाइस यांनी हाच प्रश्न उंदरांवर, पण नीट चिठ्ठ्या टाकून तपासला. तीन-तीन उंदरांचा संच केला. पहिला चाक फिरवून धक्का थांबवू शके. दुसऱ्याला पहिल्याइतकेच धक्के, पण त्याच्या हातात काही नाही. तिसऱ्याला धक्काच नाही. निकाल ब्रॅडींच्या नेमका उलट आला. ज्याच्या हातात नियंत्रण होते त्याच्या जठरात व्रण कमी. जो असहाय होता त्याच्यात जास्त. धक्क्याआधी इशारा देणारा आवाज दिला, तर व्रण आणखी कमी. म्हणजे जबाबदारीपेक्षा असहायता आणि अनिश्चितता शरीराला जास्त भोवते. गंमत अशी की ब्रॅडींचा चुकलेला प्रयोग लोकांच्या तोंडी झाला आणि वाइस यांचा बरोबर प्रयोग तज्ज्ञांच्या नियतकालिकांतच अधिक राहिला.

याच काळात भारतातही एक वेगळा विचार चालू होता. रेल्वेतील वैद्यकीय अधिकारी एस. एल. मल्होत्रा यांनी १९६४ मध्ये आपल्या देशातील अल्सरचा अभ्यास प्रसिद्ध केला. भात खाणाऱ्या प्रदेशांत अल्सर अधिक आणि गव्हाची पोळी खाणाऱ्या उत्तरेकडील प्रदेशांत कमी, असे त्यांना दिसले. अल्सर हा फक्त साहेबांचा आजार असता, तर तो प्रदेशाप्रमाणे आणि ताटाप्रमाणे बदलला नसता.

पर्थमधला सुट्टीतला शोध

१९७६ मध्ये सिमेटिडीन हे आम्लस्राव रोखणारे औषध बाजारात आले. जेम्स ब्लॅक यांना या व अन्य कामांसाठी १९८८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. औषधाने व्रण भरून येई. पण औषध बंद केले की बहुतेकांना तो पुन्हा होई. त्यामुळे 'स्वभाव बदलत नाही म्हणून आजार परततो' हे म्हणणे पुसले गेले नाही.

ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरन हे विकृतिशास्त्रज्ञ १९७९ मध्ये जठराच्या ऊतकांचे नमुने तपासत होते. दाह झालेल्या अस्तरावर त्यांना वाकडे, नागमोडी जीवाणू दिसले. जठराच्या आम्लात जीवाणू जगूच शकत नाहीत, असे तेव्हाची पाठ्यपुस्तके सांगत. शिवाय अमेरिकेत १९५४ मध्ये एडी पामर यांनी हजाराहून अधिक लोकांच्या जठराचे नमुने पाहून जीवाणू नसल्याचा निर्वाळा दिला होता. पामर यांनी वापरलेला रंग हे जीवाणू ठळक दाखवत नसे; वॉरन यांनी वापरलेल्या चांदीच्या क्षारांच्या रंगाने ते स्पष्ट दिसत. 'सापडले नाही' आणि 'नाही' यांत केवढे अंतर असते!

१९८१ मध्ये बॅरी मार्शल हे तरुण डॉक्टर वॉरन यांच्यासोबत काम करू लागले. जीवाणू बशीत वाढवण्याचे तीसहून अधिक प्रयत्न फसले, कारण दोन दिवसांत काही उगवले नाही तर बशी फेकून देण्याची पद्धत होती. १९८२ च्या ईस्टरच्या सुट्टीत बशी पाच दिवस तशीच राहिली आणि त्यात वसाहती दिसल्या. हे जीवाणू सावकाश वाढणारे होते, एवढेच. शंभर रुग्णांच्या त्यांच्या अभ्यासात लहान आतड्याच्या सुरुवातीला व्रण असलेल्या तेराच्या तेरा रुग्णांत हा जीवाणू सापडला. आज आपण त्याला हेलिकोबॅक्टर पायलोरी म्हणतो. तो युरियापासून अमोनिया तयार करून आपल्याभोवतीचे आम्ल निष्प्रभ करतो आणि अस्तरावरील श्लेष्मात राहतो. आम्लात जगण्याचे कोडे असे सुटले.

तरीही विश्वास बसेना. १९८४ मध्ये मार्शल यांनी जीवाणूंचा अर्क स्वतःच पिऊन पाहिला. काही दिवसांत मळमळ, उलट्या सुरू झाल्या आणि दुर्बिणीने तपासल्यावर जठराचा दाह दिसला. ही गोष्ट नेहमी सांगितली जाते. पण तिच्यातला एक तपशील गाळला जातो. त्यांना दाह झाला, अल्सर झाला नाही. जीवाणू अल्सरचे कारण आहे याचा खरा पुरावा पुढच्या उपचारांतून मिळाला. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात जीवाणू नष्ट झालेल्या रुग्णांपैकी ९२ टक्क्यांचे व्रण भरले आणि वर्षभरात त्यांतील फक्त २१ टक्क्यांना तो पुन्हा झाला. जीवाणू उरलेल्यांत ६१ टक्क्यांचे व्रण भरले आणि ८४ टक्क्यांत परतला. २००५ मध्ये वॉरन आणि मार्शल यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

या दोघांच्याही आधी, १९५८ पासून, ग्रीसमधील जॉन लिकूडिस हे डॉक्टर अल्सरच्या रुग्णांना प्रतिजैविके देत होते. १९६८ मध्ये त्यांना त्याबद्दल दंड झाला. रुग्ण बरे होत होते, पण ते तेव्हाच्या सिद्धान्तात बसत नव्हते.

मग काळजीचे काय झाले?

नोबेलनंतर 'अल्सर आणि मन यांचा काहीही संबंध नाही' असे अनेकदा लिहिले गेले. आम्ही प्रयोगशाळेत काम करणारी माणसे या वाक्यावर खूश होतो, हे कबूल केले पाहिजे. जीवाणू बशीत वाढवता येतो, काळजी येत नाही. पण इथेही तीच घाई आहे जी अलेक्झांडर यांच्या काळात होती. फक्त दिशा उलटी.

हा जीवाणू जगातील कोट्यवधी लोकांच्या पोटात आहे. आपल्या देशात तर बहुतेकांना तो लहानपणीच लागतो. तरी त्यांतील फार थोड्यांना कधीतरी अल्सर होतो. मग उरलेल्यांना का होत नाही? आणि ज्यांच्या पोटात तो नाही, अशांनाही का होतो? एक कारण माहीत आहे: अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन यांसारखी वेदनाशामके. पण तेवढ्याने हिशेब पुरा होत नाही.

१९४० मध्ये लंडनवर जोरदार बॉम्बहल्ले झाले, तेव्हा तेथील रुग्णालयांत अल्सर फुटून आलेल्या रुग्णांची संख्या वाढली. १७ जानेवारी १९९५ रोजी जपानमधील कोबे परिसरात मोठा भूकंप झाला. त्यानंतर रक्तस्राव होणाऱ्या जठरव्रणांचे रुग्ण वाढले आणि त्यांतील बहुतेकांच्या पोटात जीवाणू होता. २०११ च्या पूर्व जपानमधील भूकंपानंतर मात्र जीवाणू नसलेल्या आणि वेदनाशामकेही न घेतलेल्या रुग्णांचे प्रमाण वाढलेले दिसले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका डॅनिश अभ्यासात तीन हजारांहून अधिक निरोगी लोकांचा ताण आधी मोजून ठेवला होता आणि पुढे अकरा-बारा वर्षे कोणाला अल्सर होतो हे पाहिले. अलेक्झांडर यांच्या काळात जे राहून गेले होते, ते हेच. जास्त ताण असलेल्यांना अल्सर अधिक झाला, मग रक्तात जीवाणूच्या संसर्गाची खूण असो वा नसो.

हे कसे घडत असेल? काही वाट थेट आहे, काही वळणाची. ताणाखाली आम्लस्राव आणि अस्तराचा रक्तपुरवठा बदलतो. झोप कमी होते, धूम्रपान वाढते. शिवाय जखमा सावकाश भरतात. १९९८ मध्ये अमेरिकेत दंतवैद्यकाच्या अकरा विद्यार्थ्यांच्या टाळूवर साडेतीन मिलिमीटरची छोटी जखम दोनदा केली गेली, एकदा उन्हाळ्याच्या सुट्टीत आणि एकदा परीक्षेच्या तीन दिवस आधी. परीक्षेच्या वेळी जखम भरायला सरासरी तीन दिवस, म्हणजे सुमारे ४० टक्के जास्त वेळ लागला. विद्यार्थी तेच, जखम तेवढीच. बदलली ती फक्त परीक्षा. परीक्षा ही नुसती मनात घडत नाही, याचा इतका नेटका पुरावा दुसरा क्वचितच मिळेल.

एका शब्दाची कहाणी

आपल्याला गंभीर आजार झाला आहे अशी सतत भीती वाटणे, याला मानसशास्त्रात जुने नाव होते हायपोकाँड्रिया. या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ बरगड्यांच्या कूर्चेखालची जागा, म्हणजे जिथे अल्सर दुखतो तो पोटाचा वरचा भाग. प्राचीन वैद्य उदासी आणि भीती तिथल्या अवयवांतून येते असे मानत. शतकानुशतके हा शब्द पोटाकडून मनाकडे सरकत गेला आणि शेवटी त्याचा अर्थ 'काही नसताना आजारी समजणारा' असा हेटाळणीचा झाला.

परंतु ही भीती खरी यातना देते. १९८६ मध्ये ब्रिटनमधील वॉरविक आणि साल्कोव्हस्किस यांनी तिचे चक्र मांडले. छातीत धडधडले की माणूस त्याचा अर्थ हृदयविकार असा लावतो. भीतीने धडधड वाढते. तो डॉक्टरकडे जातो. "काही नाही" हे ऐकून थोडा वेळ बरे वाटते आणि मग शंका पुन्हा उठते. म्हणजे नुसता दिलासा हे औषध नाही. तो कधी कधी चक्राला तेल घालतो. हे चक्र समजावून, शरीराच्या खुणांचा अर्थ वेगळ्या तऱ्हेने लावायला शिकवणाऱ्या उपचाराची चाचणी ब्रिटनमधील रुग्णालयांत ४४४ रुग्णांवर झाली. २०१४ मध्ये तिचे निष्कर्ष आले. मोजक्याच बैठकींचा फायदा दोन वर्षांनंतरही टिकला होता. आणि २०२३ मध्ये स्वीडनमधील ४,१२९ रुग्णांच्या पाहणीत दिसले की, या निदानाच्या लोकांत मृत्यूचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त आहे, त्यात आत्महत्यांचेही. 'काही नसलेल्या' माणसांची ही आकडेवारी आहे.

अमेरिकन डॉक्टर जॉर्ज एंगेल यांनी १९७७ मध्येच 'सायन्स' मध्ये लिहिले होते की, आजाराकडे शरीर, मन आणि समाज अशा तिन्ही अंगांनी एकदम पाहिले पाहिजे. २०१३ मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी आपल्या निदानपुस्तिकेत एक महत्त्वाचा बदल केला. 'शारीरिक कारण सापडत नाही' ही अट त्यांनी काढून टाकली. लक्षणांमुळे माणसाला किती त्रास होतो, तो त्यांचा किती विचार करतो, हे पाहायचे. शरीरात काही सापडले की नाही, यावरून मनाचा आजार ठरवायचा नाही. अल्सरच्या इतिहासाने दिलेला धडा मनोविकारशास्त्राने असा आपल्या नियमांत उतरवला.

वर्गात परतताना

आता सुरुवातीच्या विद्यार्थ्याकडे येऊ. त्याचे पोट दुखते हे खरे आहे. कारण जंत असतील, न खाता आलेली सकाळ असेल, परीक्षेची भीती असेल किंवा ही सगळीच असतील. एक कारण सापडले म्हणून बाकीची खोटी ठरत नाहीत आणि एकही सापडले नाही म्हणून दुखणे खोटे ठरत नाही. त्याला डॉक्टरकडे पाठवायचेच. वारंवार दुखत असेल, वजन घटत असेल, उलटीत किंवा शौचात रक्त असेल, तर लगेच. पण त्याबरोबरच वाइस यांच्या उंदरांची आठवण ठेवायला हरकत नाही. पेपर कसा असेल याची कल्पना आधी देणे, नमुना प्रश्न सोडवून घेणे, चुकले तर पुढे काय करता येईल हे सांगणे, म्हणजे त्या उंदराच्या हाती चाक देणे होय.

आठवी-नववीच्या मुलांसमोर ब्रॅडींचा प्रयोग आधी मांडून पाहावा, दोष न सांगता. "यात काही चुकले आहे का?" एवढेच विचारावे. बहुतेक वर्गांत एखादी तरी मुलगी किंवा मुलगा म्हणेल, "पण सर, ती माकडे निवडली कशी?" त्या दिवशी विज्ञानाचा तास सत्कारणी लागला, असे खुशाल समजावे.